गिअरबॉक्स कुठे उघडायचा

गाडी घसरते आहे हे प्रथम माझ्या पत्नीच्या लक्षात आले. चालवत मी होतो. ती शेजारी बसली होती आणि तिला समोरचा रस्ता दिसत नव्हता. शहराबाहेर, मिटमिट्याच्या पुढे एका ट्रकला मागे टाकावे म्हणून मी पाय दाबला. इंजिनाचा आवाज चढला, पण ट्रक होता तेवढ्याच अंतरावर राहिला. ट्रकवाल्यानेही वेग वाढवला असावा, असे मला वाटले.

"अहो, घसरतीय गाडी," ती म्हणाली. "आवाज पुढं गेला, आपण मागंच."

"ट्रक जोरात आहे."

"ट्रक बिचारा आहे तिथंच आहे. तुमची गाडी घसरतीय."

गाडी नीट चालत असली की तिची असे आणि बिघडली की माझी होई. यावर मी कधी हरकत घेतली नव्हती. त्या दिवशीही घेतली नाही.

पत्नी देवगाव रंगारीच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. आम्ही शहरात राहत असल्यामुळे ती रोज जाऊन-येऊन नोकरी करी. आमच्याकडे त्याला अप-डाऊन म्हणतात, आणि अप-डाऊन करणाऱ्या शिक्षकांची एक निराळी जमात असते. चार-पाच जणांत एक गाडी, पेट्रोलची वर्गणी, ज्याच्या त्याच्या ठरलेल्या जागा आणि ठरलेली थट्टा. त्या गाडीची चालक तीच होती. पुरुष सहकारी मागे बसून डबे सांभाळत. वर्गणी सगळ्यांची असल्यामुळे पेट्रोल वाचवणे हा चालकाचा पहिला धर्म मानला जाई, आणि तो पाळायची जागा म्हणजे घाट. जाताना वेरूळचा उतार, येताना दौलताबादचा. उतार लागला की मागून कोणीतरी म्हणे, "मॅडम, सोडा आता," आणि ती गिअर न्यूट्रलमध्ये टाकून गाडी नुसती वाहू देई. इंजिनाला आराम आणि पेट्रोलची बचत, असे त्यामागचे शास्त्र होते. खाली पोहोचेपर्यंत किती वेळ पाय लावावा लागला नाही, याच्या बढाया शाळेच्या हजेरीपटापर्यंत चालत. घरी आल्यावर त्यांतल्या काही ती मलाही ऐकवी.

पुढे तिचे गुडघे दुखू लागले आणि क्लच दाबणे जमेना. तेव्हा निवृत्तीला दोन वर्षे राहिली असताना तिने क्लच नसलेली, म्हणजे ऑटोमॅटिक, जुनी गाडी घेतली. ती गाडी घेतली तेव्हाच दहा वर्षांची होती. गाडी बदलली तरी घाटातली रीत तीच राहिली.

निवृत्तीनंतरच्या पहिल्याच वर्षी मधुमेहाने तिच्या दोन्ही डोळ्यांचे पडदे खराब झाले. इंजेक्शने झाली, लेसर झाले. आता तिला उजेड कळतो, समोर माणूस उभा आहे हे कळते, तो कोण हे बोलल्यावाचून कळत नाही. त्या काळात आम्ही रडलो असतो किंवा भांडलो असतो तर सांगण्यासारखे काही असते. तसे काही घडले नाही. घर हळूहळू शांत झाले. मी औषधांच्या वेळा सांगे, ती "हो" म्हणे. ताटात काय कुठे वाढले आहे ते मी सांगे, ती "बरं" म्हणे. दुपारी रेडिओ लावला तर चाले, न लावला तरी चाले. तुम्हाला वाईट वाटते का, असे त्या दिवसांत मला कोणी विचारले असते तर मला थांबून आत शोधावे लागले असते, आणि काही सापडले असते असे मला वाटत नाही.

मी न्यायालयात अनुवादक होतो. दुसऱ्यांची दुःखे एका भाषेतून दुसऱ्या भाषेत नेण्याचे काम मी तीस वर्षे केले. ते करताना अर्थ सांडू द्यायचा नाही आणि आपले काही त्यात मिसळायचे नाही, एवढी दोनच पथ्ये असतात. ती पाळता पाळता माणूस कसा होतो, याचा विचार मी निवृत्त होईपर्यंत केला नव्हता.

गाडी मी वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी शिकलो. परवान्याच्या रांगेत माझ्या पुढेमागे अठरा-एकोणीस वर्षांची मुले होती आणि त्यांतल्या एकाने मला आदराने विचारले होते, "काका, मुलाचं काम आहे का?" प्रशिक्षण केंद्रातल्या माणसाने मला गाडी सुरू करणे, वळवणे आणि थांबवणे शिकवले. उरलेले सगळे पत्नीने शिकवले, शेजारी बसून, आवाजावरून. ब्रेक उशिरा लागला की तिला कळे. सिग्नलला न्यूट्रलमध्ये टाकायचे, उतारावर न्यूट्रलमध्ये टाकायचे, हेही तिनेच शिकवले. मी चांगला विद्यार्थी होतो. सांगितलेले करणे मला जन्मभर जमत आले आहे.

त्यातून रविवारची फेरी सुरू झाली. सकाळी सातला निघायचे, देवगावला जायचे, शाळेच्या फाटकापाशी गाडी वळवायची, फाट्यावर चहा घ्यायचा आणि परतायचे. तिथे आता आमचे कोणी नाही. तिचे सहकारी बदलून गेले, कोणी निवृत्त झाले. पण आठवडाभर घरात चार वाक्ये न बोलणारी ती बाई गाडीत बसली की बोलू लागे. "आता डाव्या हाताला रसवंती आली असंल." "इथं खड्डा आहे, बुजवला का?" "कसाबखेड्याची म्हातारी पेरूवाली बसलीय का बघा." रस्ता तिला पाठ होता आणि मी तिला त्यातले नवेजुने सांगत असे. घाटात गाडी चढत असताना ती गप्प राही, आणि माथ्यावर आलो की न चुकता म्हणे, "सोडा आता." आमच्यात बोलणे म्हणून जे काही उरले होते ते एवढेच होते, रविवारी सात ते अकरा.

त्यामुळे गाडी घसरू लागली तेव्हा माझ्यापुढे काय होते हे मला नीट माहीत होते. गाडी बंद पडली तर रविवार बंद पडणार होता. भाड्याच्या गाडीत, परक्या चालकाच्या मागे बसून ती बोलली नसती. क्लचची गाडी मला येत नाही. दुसरी ऑटोमॅटिक घ्यायची तर या गाडीचा आवाज तिला जसा ओळखीचा आहे तसा त्या गाडीचा नसता. हे सगळे मी एका कागदावर क्रमवार लिहून काढले. लिहिताना मला भीती वाटायला हवी होती. अक्षर मात्र नेहमीसारखेच वळणदार आले.

पहिल्यांदा मी गाडी कंपनीच्या अधिकृत केंद्रात नेली. तिथे काचेमागे थंड हवा होती. सल्लागार म्हणून नेमलेला तरुण हातातल्या टॅबवर बोट फिरवत अतिशय नम्रपणे बोलला.

"सर, आम्ही गिअरबॉक्स उघडत नाही. पूर्ण नग बदलावा लागेल."

"पण बिघाड नेमका कशात आहे?"

"ते उघडल्याशिवाय नाही सांगता येणार, सर."

"आणि तुम्ही उघडत नाही."

"नाही, सर."

त्याने सांगितलेली रक्कम गाडीच्या त्या दिवशीच्या किमतीपेक्षा जास्त होती. हे त्यालाही ठाऊक होते, कारण त्याने लगेच नव्या गाड्यांचे एक रंगीत पत्रक माझ्यापुढे सरकवले. मी ते घेतले. न घेणे मला जमले नाही.

दुसरा पर्याय पुण्याचा होता. फक्त ऑटोमॅटिक गिअरबॉक्स दुरुस्त करणारे एक केंद्र तिथे आहे, असे मला चौकशी करता कळले. मी विचारायचे प्रश्न आधी लिहून घेतले आणि मग फोन केला. पलीकडच्या गृहस्थांनी प्रत्येक प्रश्नाचे उत्तर दिले. ते इथून गाडी ट्रकवर घालून नेतील, उघडतील, झिजलेले भाग बदलतील, एक वर्षाची हमी देतील आणि परत आणून सोडतील. सहा आठवडे लागतील.

"आम्ही यायला हवे का?" मी विचारले.

"छे, छे. तुम्ही काहीच करायचं नाही. फक्त किल्ली द्यायची."

हे मला बरे वाटले. सहा आठवड्यांनी मला पुन्हा स्टिअरिंगमागे बसायचा धीर होईल की नाही, ही एक शंका होती. पण ते काही विचारणार नव्हते, ही गोष्ट मला शंकेपेक्षा मोठी वाटली.

याचे कारण असे की मधल्या काळात मी एक गोष्ट वाचली होती. गाडीच्या कप्प्यात मूळ मालकाने ठेवलेली माहितीपुस्तिका होती. ती प्लास्टिकच्या पिशवीतून कधी बाहेर निघालेली नसावी. मी ती पहिल्या पानापासून वाचली. ऑटोमॅटिक गिअरच्या प्रकरणात चौकटीत छापले होते की चालत्या गाडीत, विशेषतः उतारावर, गिअर न्यूट्रलमध्ये टाकू नये. गिअरबॉक्सला हानी पोहोचते. ते वाक्य मी सवयीने मनात मराठीत केले. मग पुस्तिका पिशवीत घालून होती तशी ठेवली. पत्नीला सांगितले नाही.

तिसरा पर्याय तिनेच काढला. तिच्या जुन्या अप-डाऊनमधले एक गुरुजी अधूनमधून फोन करत. त्यांच्याशी बोलताना गाडीचा विषय निघाला आणि त्यांचा मोठा आवाज मलाही खोलीत ऐकू आला. "मॅडम, कंपनीबिंपनीच्या नादी लागू नका. रोशन गेटच्या पुढं एक उस्ताद आहे. पंधरा वर्षं सौदीत हेच काम केलं त्यानं. लई टेढा माणूस आहे, पण हात असा आहे की बस."

"टेढा म्हणजे?" पत्नीने विचारले.

"तोंडावर बोलतो."

"मग बरंय," ती म्हणाली. फोन ठेवून मला म्हणाली, "उद्या जाऊ." कुठे जायचे हे नेहमी तीच ठरवत आली होती.

उस्तादचे गॅरेज एका अरुंद गल्लीच्या तोंडाशी होते. आत दोन गाड्या उचलून ठेवलेल्या होत्या आणि भिंतीला लाकडी फळीवर गिअरबॉक्सचे भाग ओळीने, दवाखान्यात हत्यारे मांडावीत तसे, स्वच्छ कापडावर मांडलेले होते. उस्ताद साठीचा असावा. त्याने बॉनेट उघडायला लावले, गिअरबॉक्सच्या तेलाची पट्टी ओढून काढली, कागदावर दोन थेंब घेतले आणि वास घेतला. कागद माझ्याकडे केला. खोबरे करपल्यासारखा वास होता.

"जला हुआ है," तो म्हणाला. मग आवाज खाली आणून, गाडीत बसलेल्या पत्नीला ऐकू जाणार नाही अशा बेताने विचारले, "साब, ढलान पे न्यूट्रल मारते क्या?"

"नाही," मी म्हणालो.

तीस वर्षांत मी एकही शब्द खोटा लिहिला नव्हता. हा शब्द तोंडातून सहज गेला.

उस्तादने माझ्याकडे पाहिले. "ठीक है. पयले तुम चलाव, मैं बाजू बैठतौं. मॅडमला मागं बसू द्या. नुसतं तेल सूंघके मैं कायकू बोलूं?"

कोणी शेजारी बसून बघत असताना गाडी चालवणे मला अवघड जाते. पत्नी बसे ती बघत नसे. गल्लीतून बाहेर काढताना मी दोनदा नको तिथे ब्रेक दाबला. उस्ताद माझे हात बघत होता. जालना रोडवर आलो, उड्डाणपूल चढलो. चढावर इंजिन ओरडले आणि गाडी घसरली, तेव्हा त्याने फक्त मान हलवली. पुलाच्या माथ्यावर आलो, पुढे उतार लागला, आणि मागून पत्नीचा आवाज आला:

"सोडा आता."

माझा हात गिअरवर गेला आणि न्यूट्रलमध्ये टाकून मोकळा झाला. तो मी टाकला असे मला म्हणता येत नाही; पण दुसऱ्या कोणी टाकलाही नव्हता. गाडी आवाज न करता उतरू लागली.

उस्ताद सावकाश मागे वळला. "मॅडम, ये तुम बोले?"

"हो. घाटात तसंच करायचं असतं. इंजिनाला आराम मिळतो."

"हौ, इंजिन आराम करता," उस्ताद म्हणाला. "अन् गिअरबॉक्स भूखा मरता. मॅडम, ह्या गाडीत तेल फिरवायचा पंप इंजिनवर चलता. इंजिन सुस्तावलं की पंप सुस्तावला. चाकं पळतात, आतल्या प्लेटा फिरतात, अन् तेल पुरत नाय. फिर नीचे आके झटके से गिअर में डालते. कितने साल से?"

मी आरशात पाहिले. ती खिडकीकडे तोंड करून बसली होती, बाहेर काहीतरी बघणाऱ्या माणसासारखी.

गॅरेजशी परत आल्यावर उस्तादने मला बाजूला घेतले नाही. दोघांनाही ऐकू येईल असे सांगितले. "काम मैं करूंगा. बीस दिन. पण माझा एक उसूल आहे. खोलते टाइम मालिक सामने होना. आत काय निघालं ते त्याच्या हातात देतो. नंतर कोणी म्हणू नये, उस्तादनं हे सांगितलं अन् ते सांगितलं. मंजूर असंल तर आणा. नसंल तर पुण्याला पाठवा, वो भी अच्छे लोग हैं."

परतीच्या वाटेवर ती बोलली नाही. वळणे आली, गतिरोधक आले, सिग्नलला मी गिअर तसाच ठेवून ब्रेकवर पाय दिला. इंजिन आधीसारखे हलके झाले नाही हे तिला ऐकू आलेच असणार. दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी सहाला उठून चहा केला. ती म्हणाली, "आज नको." त्याच्या पुढच्या रविवारी मी विचारले नाही.

त्या पंधरा दिवसांविषयी मला फारसे आठवत नाही. मी पाणी भरले, पेन्शनच्या कार्यालयात हयातीचा दाखला दिला, वर्तमानपत्र वाचून दाखवले. एक दिवस पुण्याला फोन करून ट्रकची तारीख ठरवली. मला वाटत होते की हाच शहाणपणाचा मार्ग आहे. उस्तादकडे पुन्हा जायचे म्हणजे जिथे तिची चूक तिच्या तोंडावर सांगितली गेली तिथे तिला पुन्हा नेऊन बसवायचे आणि त्या चुकीचे तुकडे तिच्या हातात द्यायचे. पुण्याचे लोक मुकाट्याने दुरुस्त करून गाडी आणून सोडतील. काळ गेला की ती पुन्हा बोलू लागेल. न लागली तर, हा प्रश्न मी कागदावर लिहिला नाही.

ट्रक येण्याच्या दोन दिवस आधी, जेवताना, तिने विचारले, "गाडीचं काय केलं?"

"पुण्याला पाठवतो आहे. परवा येतील न्यायला."

"पुण्यालाच का?"

"ते फक्त हेच काम करतात. हमी देतात."

"तो बी हेच काम करतो की." तिने ताटात हाताने भाजीची वाटी शोधली. मी सांगायला हवे होते, उजवीकडे आहे म्हणून. सांगितले नाही, तिला सापडली. "पुण्यावाले काही इचारत नाहीत म्हणून ना?"

मी तिच्या ताटात भाकरी वाढली.

"तुम्हाला आधीपासून ठाऊक होतं?"

"पुस्तिकेत वाचले होते."

"कधी?"

"त्याच्याकडे जाण्याच्या आठ दिवस आधी."

"अन् त्या आठ दिवसांतल्या रविवारी मी घाटात सोडा म्हणलं, तवा सोडली तुम्ही."

"हो."

ती रागावेल असे मला वाटले. मी त्याची वाट पाहत होतो असेही म्हणता येईल. तिने भाकरी मोडली. "वाचून बी सोडली," ती म्हणाली. "काय माणूस आहे." तिचा स्वर मुलाने गृहपाठ कोरा आणल्यावर लावावा तसा होता, त्यात राग असला तर जुना, रोजचा होता. मग म्हणाली, "खोलताना मालक समोर पाहिजे म्हणला ना तो? गाडीचं आरसी बुक माझ्या नावावर आहे. मी जाणार. तुम्ही या नाय तर नका येऊ."

मी ट्रकवाल्यांना नको म्हणून कळवले. पुण्याचे गृहस्थ याही वेळी नम्र होते.

उस्तादने गिअरबॉक्स गाडीखालून काढून फळीवर ठेवला होता आणि आम्ही येईपर्यंत एकही बोल्ट सैल केला नव्हता. पत्नीसाठी त्याने खुर्ची पुसून फळीच्या अगदी जवळ ठेवली. तिला दिसत नाही हे त्याला एव्हाना कळले होते. तो प्रत्येक वेळी हातातल्या वस्तूचे नाव आधी सांगू लागला. "ये ढक्कन निकाला, मॅडम. ये चुंबक है, लोखंडाचा चुरा धरतो. बोट लावा." तिने बोट लावले. बोटाच्या टोकाला काळी वाळूसारखी भुकटी लागली.

"हा चुरा कशाचा?"

"तुमच्या प्लेटांचा."

बराच वेळ तो एकेक भाग सोडवत राहिला. मग आतून पातळ, गोल, मध्ये भोक असलेल्या चकत्यांची चळत निघाली. त्यांतली एक त्याने पुसून तिच्या डाव्या हातात दिली आणि मांडणीतल्या खोक्यातून एक नवी काढून उजव्या हातात.

"आता सांगा, नवी कोणती?"

तिने दोन्हींवरून अंगठा फिरवला. नवी खरखरीत होती, वहीच्या पुठ्ठ्यासारखी. जुनी काचेसारखी गुळगुळीत झाली होती.

"ही," तिने उजवा हात उचलला. "ही धरंल. अन् ही घसरंल. तेच ना?"

"येकदम. पचास साल के मेकॅनिक को मैं ये समझाते थकता, मॅडम."

"मुलांच्या पाट्या अशाच गुळगुळीत व्हायच्या," ती म्हणाली. "मग पेन्सिल उमटायची नाही." तिने जुनी चकती पुन्हा चाचपली, दोन्ही बाजूंनी, कडेपर्यंत. "हे सगळं न्यूट्रलनं झालं?"

उस्ताद थांबला. त्याने चळतीतल्या दोन-तीन चकत्या उजेडात धरल्या. "सगळं नाय. तेल बी पयल्या मालकानं कधी बदललेलं दिसत नाय. थोडा उसका, थोडा तुम्हारा."

हे खरे होते की तिच्यासाठी म्हटलेले होते, हे मला आजही सांगता येत नाही. ती मात्र लगेच म्हणाली, "थोडं म्हणजे किती?"

"मॅडम, मैं गिअरबॉक्स खोलता, हिसाब नहीं करता."

ती किंचित हसली असावी. निदान तिचा चेहरा हलला.

मग उस्तादने हात पुसले आणि माझ्याकडे वळला. "तर आता बघितलं तुम्ही. अजूनही पुण्याला न्यायचं असंल तर खोक्यात भरून देतो, राग नाय. कंपनीचा नवा नग घालायचा तरी तुमची मर्जी. बोलो."

मी पत्नीकडे पाहिले. घर कुठे घ्यायचे, सुट्टीत कुठे जायचे, पंखा कोणत्या दुकानातून आणायचा, हे सगळे प्रश्न आमच्याकडे तिच्या दिशेनेच जात. तिने चकत्या मांडीवर ठेवल्या होत्या.

"तुम्ही सांगा," ती म्हणाली. "चालवायची तुम्हाला आहे."

गल्लीतून एक हातगाडी गेली. मी उत्तर देण्यापूर्वी ती पुढे जाण्याची वाट पाहिली. माझ्या मनात त्या वेळी काही विशेष नव्हते. पुण्याची हमी होती, सहा आठवडे होते, इथले वीस दिवस होते. ते सगळे तोलून मी बोललो असे म्हणणे खोटे होईल. इथे तिच्या हातात ती चकती होती, आणि ती अजून इथेच बसली होती, एवढेच.

"इथेच करा," मी म्हणालो.

"क्या बोले?"

"इथेच करा, म्हणालो."

"ठीक है." उस्तादने मान डोलावली आणि पत्नीच्या मांडीवरची जुनी चकती उचलायला हात पुढे केला. तिने ती लगेच सोडली नाही.

"मग आता उतारावर ह्यांना काय सांगायचं?" तिने विचारले.

"कुच नक्को. 'डी'मध्येच, म्हणजे चालत्या गिअरमध्येच, राहू द्या. पाय ब्रेकवर."

"काहीच नाही कसं? मी नुसती बसू?"

उस्तादने हा प्रश्न हसण्यावारी नेला नाही. त्याने कान खाजवला, विचार केला. "घाटात 'डी'च्या खाली दोन नंबर आहे. उतार लागला की त्याच्यावर टाकायचं. इंजिन गाडीला धरून ठेवतं, ब्रेक तापत नाही. पण आवाज येईल, मॅडम. इंजिन ओरडंल. डरायचं नाय."

"ओरडू द्या की. 'डी'पासनं किती खटके?"

"एक."

"खाली का वर?"

"नीचे. अन् वेग आधी कमी करून. पळत्या गाडीत नाय."

"म्हणजे वेग कमी करा, हे आधी सांगायचं. मग दोनवर."

"हौ."

तिने चकती त्याच्या हातात दिली. मी खिशातून रुमाल काढून तिची बोटे पुसू लागलो. काळे तेल नखांच्या कडांत गेले होते आणि निघत नव्हते. माझ्याकडे तिचे लक्ष नव्हते. ती ओठांत काहीतरी जुळवत होती. मग तिने ते मोठ्याने म्हणून पाहिले, वर्गाला पाढा द्यावा तशा स्वरात: "वेग कमी करा. दोनवर टाका." आणि पुन्हा एकदा, थोडे अधिक कडक.